जेवणाआधीची बारा मिनिटं

“चौथ्या पानावर हे नाहीये,” माझा जोडीदार माझ्या कानाशी कुजबुजला. “अगं, पाचव्यावरही नाहीये!”

नाहीये हे मलाही दिसत होतं. कागद माझ्यासमोर होता. त्याचा अनुवाद मीच केला होता आणि वरच्या कोपऱ्यात ‘वाचनासाठी मंजूर’ असा निळा शिक्का होता. काचेपलीकडे, खाली व्यासपीठावर, भाऊजींनी मात्र आपला कागद दुमडून कोटाच्या खिशात घातला होता आणि चष्मा काढून हातात घेतला होता. चष्मा काढला की हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्ही दुभाषे. सभागृहाच्या मागच्या भिंतीला, पार छताजवळ, आमची काचेची खोली आहे. खोली कसली, पेटीच ती. दोन खुर्च्या, दोन माइक, एक लाल दिवा. खाली कुणी आपल्या भाषेत बोललं की ते मी पाहुण्यांच्या भाषेत बोलायचं आणि पाहुण्यांनी ते कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकायचं. आकडे आले की जोडीदार ते झटपट कागदावर लिहून माझ्याकडे सरकवतो, कारण बोलता बोलता आकडे निसटतात. या जोडीदाराला सगळे गोळी म्हणतात. घसा बसू नये म्हणून तो दिवसभर कसल्या ना कसल्या गोळ्या चघळत असतो.

आमच्या पेटीचा एक नियम होता. वक्त्याने भाषण आधी लिहून दिलं असेल आणि ते मंजूर झालं असेल, तर कागदच वाचायचा. वक्ते मधेच विनोद करतात, कुणाची तरी आठवण काढून गहिवरतात, ते सोडून द्यायचं. नियम आयोजकांचा होता आणि माझं कंत्राट दर वर्षी त्यांच्याच सहीने पुढे सरकत होतं.

आयोजक म्हणजे आपल्यासारख्या देशांना कर्ज देणारी, आणि कर्जाबरोबर अटी देणारी, ती मोठी बँक. आणि भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, अर्थतज्ज्ञ. तीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट लिहिली: श्रीमंत देश गरीब देशांना जो सल्ला देतात, त्याने श्रीमंत देश आणखी श्रीमंत होतात. ते आकड्यांनी लिहिलं, तक्त्यांनी लिहिलं, आणि रागाने तर लिहिलंच. तरीही बँक दर वर्षी तिच्या परिषदेला त्यांना सन्मानाने बोलवायची. विरोधी बाजू म्हणून त्यांच्यासाठी एक वेळच राखून ठेवलेली होती, दुसऱ्या दिवशी जेवणाआधीची बारा मिनिटं. भाऊजी स्वतःच म्हणायचे, “मी म्हणजे त्यांच्या दारावरची तक्रारपेटी आहे, मेहुणीबाई. रंग दर वर्षी नवा, किल्ली मात्र हरवलेली!”

मग जाता कशाला, असं कुणी विचारलं तर ते विषय बदलायचे. कारण सगळ्यांना माहीत होतं. झेरॉक्सच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत त्यांची संशोधन संस्था होती. अकरा माणसं तिथे काम करायची आणि त्या अकरांचे पगार ज्या अनुदानातून निघायचे, ते याच बँकेच्या एका निधीतून यायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जायचं, बारा मिनिटं बोलायचं, त्यांच्या टाळ्या घ्यायच्या आणि परत यायचं. एकच हट्ट त्यांनी कधी सोडला नाही. पाहुण्यांची भाषा त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते, पण त्या सभागृहात ते आपल्याच भाषेत बोलायचे. “आमच्या घरात येऊन आम्हाला शहाणपण शिकवतात, तर निदान कानाला यंत्र लावायचे कष्ट तरी घेऊ देत,” म्हणायचे. त्या हट्टापायीच ते माझ्या हातात सापडले.

“तुम्ही कर्ज देताना अट घातलीत,” खाली भाऊजी बोलत होते, “सरकारी भरती बंद करा. आम्ही केली. परिचारिकांचीही केली. माझी मुलगी परिचारिका आहे. ती शिकून दोन वर्षं घरी बसली आणि मग तुमच्या देशात गेली. शिकवायचा खर्च आमचा, हात तुमचे. आज ती रोज सकाळी तुमच्या आईची उशी सरळ करते.”

मी खोकल्याचं बटण दाबलं. दुभाष्याला खोकला आला तर पाहुण्यांच्या कानात जाऊ नये म्हणून हे बटण असतं. ते दाबून ठेवलं की आपण गप्प असू शकतो. पण फार तर चार-पाच सेकंद. त्याहून जास्त शांतता झाली की खाली माणसं कानातलं यंत्र ठोकून बघायला लागतात.

त्या चार-पाच सेकंदांत मला सकाळचा ताईचा फोन आठवला. “ह्यांचं काही खरं नाही गं आज,” ती म्हणाली होती. “पहाटेपासून खोलीत येरझाऱ्या घालतायत. काहीबाही बोलायला लागले तर तू जरा मवाळ कर हं. अनुदानाचा कागद अजून यायचाय. अकरा घरं आहेत.”

“वाच ना!” गोळी म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

मी बटण सोडलं आणि वाचलं, “कुशल मनुष्यबळाच्या देशांतराचा सर्व संबंधितांनी समतोल विचार करावा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.”

“गेल्या वर्षी माझी बायको जिन्यावरून पडली,” भाऊजी म्हणाले. “मांडीचं हाड मोडलं. सरकारी रुग्णालयात, स्त्रियांच्या विभागात साठ खाटा होत्या आणि परिचारिका एक. भेटीची वेळ चार ते पाच. सकाळपासून चार वाजेपर्यंत ती पाणी मागत होती. मी फाटकाबाहेर उभा होतो. तिच्या उशाशी कुणी नव्हतं, कारण तिच्या उशाशी जी असायला हवी होती, ती तुमच्या उशाशी आहे.”

गोळीने सवयीने कागदावर आकडे लिहिले आणि माझ्याकडे सरकवले. साठ. एक. मग आपण काय केलं हे लक्षात येऊन त्याने हात मागे घेतला.

मी वाचत होते, “या संदर्भात उभयपक्षी संवाद अधिक दृढ व्हावा.”

भाऊजींचा आवाज चढत चालला होता. माझा आवाज सरळ होता, वीस वर्षांच्या सवयीचा. माझी पानं त्यांच्या आधीच संपली म्हणून शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. कुणाच्या लक्षात आलं नाही. असल्या कागदांचं हेच एक सुख असतं.

मग टाळ्या झाल्या. आपली जी दहा-बारा अधिकारी मंडळी मागच्या रांगांत होती, ती टाळ्या वाजवाव्यात की पळून जावं या विचारात बसून राहिली. पाहुण्यांनी मात्र मनापासून वाजवल्या. ज्यांना भाऊजींची भाषा कळत होती, त्यांनी कानाला यंत्र लावलं नव्हतं. ज्यांनी लावलं होतं, त्यांना ती भाषा कळत नव्हती. या दोन बाजूंच्या मधे सबंध सभागृहात आम्ही दोघंच होतो, काचेच्या पेटीत.

बाहेर जिन्याच्या तोंडाशीच सचिवसाहेब उभे होते. सरकारतर्फे परिषदेची जबाबदारी त्यांची. कपाळावरचा घाम पुसत त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही ते... सगळं सांगितलंत?”

“कागद वाचला, साहेब.”

त्यांनी डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला की मला त्यांची दया आली. “शाबास. साप मेला आणि काठीही वाचली. आता याची वाच्यता नको हं कुठे.” आणि माझ्यापुढे चक्क हात जोडून ते जेवायला गेले. इतक्या वर्षांत त्या माणसाने मला कधी ‘नमस्कार’सुद्धा म्हटलं नव्हतं.

खाली भाऊजी भेटले. एक उंच पाहुणा त्यांचा हात दोन्ही हातांत धरून “फार महत्त्वाचं बोललात” असं म्हणत होता, आणि भाऊजींचे डोळे भरलेले होते. मला बघितल्यावर ते तरुण माणसासारखे दोन पायऱ्या चढून वर आले.

“मेहुणीबाई! पाहिलंस? ऐकलं त्यांनी! सगळं ऐकलं!” मग आवाज खाली करून, “तू सांगितलंस ना बरोबर? उशीचं?”

अजूनही वेळ होता. त्याच क्षणी सांगितलं असतं तर त्यांनी चारचौघांत मला फाडून खाल्लं असतं, पण गोष्ट तिथेच संपली असती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तीस वर्षांत मी त्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं, त्यांच्या लग्नातसुद्धा नाही.

“हो, भाऊजी,” मी म्हणाले. “शब्द न शब्द.”

महिन्याभराने अनुदानाचं पत्र आलं. नेहमीसारखं, तीन वर्षांसाठी. भाऊजींनी ते ताईला वाचून दाखवलं, मग मला फोनवर, मग पुन्हा ताईला. रविवारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ताई काठी टेकत चहा घेऊन आली आणि म्हणाली, “मीच मेली उगाच घाबरले. इतकं बोलूनही त्यांनी राग धरला नाही, बघ. आणि मी तुला मवाळ कर म्हणून सांगत होते!”

ताईला तरी सांगावं, असं मनात आलं होतं. पण ज्या बाईने साठ खाटांच्या त्या खोलीत पाणी मागितलं होतं, तिचंच मागणं मी अडवून धरलं, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

पुढे जे झालं ते मात्र माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला वाटलं होतं, एक भाषण गेलं, पुढच्या वर्षी दुसरं येईल. पण भाऊजी बदलायला लागले. आधी ते वर्तमानपत्र उघडल्या उघडल्या कुणाला तरी झोडपायला घ्यायचे. आता ते वाचून घडी घालून ठेवायला लागले. “आपण बाहेरून आरडाओरडा करत होतो गं,” एकदा म्हणाले. “तोंडावर नीट सांगितलं की ऐकतात ती माणसं. माझंच चुकलं असेल.” बँकेच्या नव्या अहवालात आपली आरोग्यसेवा ‘दुबळी’ नव्हती, ‘सक्षम होण्याच्या मार्गावर’ होती. भाऊजींनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून मला दाखवली. “हे आपलं काम आहे,” म्हणाले. रुग्णालयात परिचारिका तेवढीच होती. एक.

मग त्यांनी लेख लिहिला, ‘ऐकणारं सभागृह’. बँकेच्या मासिकाला तो हवा होता आणि अनुवाद अर्थातच माझ्याकडे आला. विरोध करणाऱ्यांनी संशय सोडावा, समोरच्याच्या भलेपणावर विश्वास ठेवावा, असं त्यात होतं. पुराव्यादाखल, भाषणातली वाक्यं सोडून, त्या दिवसाची सगळी हकिकत होती. तो चढलेला आवाज, ती शांतता, त्या टाळ्या. त्याचा मात्र मी शब्द न शब्द अनुवाद केला. एकेक ओळ उतरवताना मला वाटत होतं की हा माणूस माझ्यावर भरवसा ठेवून विहिरीत उतरतोय आणि वरचा दोर मीच कापलाय. मी रडले. मग तोंड धुऊन लेख पाठवून दिला, कारण मुदत संध्याकाळची होती.

सांगावं तर त्यांचं एकुलतं एक सुख जाणार होतं. न सांगावं तर त्यांची तीस वर्षं जात होती, माझ्या डोळ्यांदेखत.

वर्ष फिरून पुन्हा तीच परिषद, तीच पेटी, जेवणाआधीची तीच बारा मिनिटं. या वेळी भाऊजींनी कागद दहा दिवस आधी दिला. मंजुरीला काहीच अडचण आली नाही. तो कागद वाचून मला वाटलं, हा माझ्याच गेल्या वर्षीच्या अनुवादावरून लिहिलाय की काय. ‘उभयपक्षी संवाद’ होता, ‘समतोल विचार’ होता. आणि व्यासपीठावर त्यांनी चष्मा काढला नाही. ओळीन् ओळ वाचत गेले. कागद आणि माणूस प्रथमच एकच बोलत होते आणि आमच्या पेटीतलं काम इतकं सोपं कधी झालं नव्हतं.

“बेस्ट,” गोळी म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला.

माझ्या पर्समध्ये गेल्या वर्षीचा तो चिठोरा होता. साठ, एक. मी तो वर्षभर फेकला नव्हता. भाऊजी म्हणत होते, “मनुष्यबळाच्या प्रश्नावर गेल्या वर्षी या सभागृहाने जे औदार्य दाखवलं, त्याबद्दल मी ऋणी आहे,” आणि माझ्या तोंडून पाहुण्यांच्या भाषेत निघालं, “माझी मुलगी तुमच्या आईची उशी सरळ करते. माझ्या बायकोच्या विभागात साठ खाटांना एक परिचारिका होती. तिच्या उशाशी कुणी नव्हतं, कारण तिच्या उशाशी जी असायला हवी होती, ती तुमच्या उशाशी आहे.”

गोळीचा हात खाडकन माझ्या मनगटावर पडला.

मी खाली बघितलं. आता माना वळतील. आता कुणीतरी लेखणी खाली ठेवील, कुणीतरी शेजाऱ्याकडे बघेल, सचिवसाहेब उठून धावत येतील. माझं बोट आपोआप खोकल्याच्या बटणावर गेलं होतं.

एकही मान वळली नाही. पहिल्या रांगेतली बाई कार्यक्रमपत्रिकेच्या मागे जेवणाची वेळ बघत होती. तो उंच पाहुणा, गेल्या वर्षीचा, मान डोलावत होता. तो आधीही डोलावत होता आणि नंतरही डोलावत राहिला. निम्म्यांची यंत्रं टेबलावर पडली होती. दोघातिघांनी ते वाक्य नक्की ऐकलं असणार. विरोधी बाजूने असंच काहीतरी बोलायचं असतं म्हणून त्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. शेवटी टाळ्या झाल्या. गेल्या वर्षीइतक्याच.

गोळीने माझं मनगट सोडलं. “नशीब,” तो म्हणाला. “पालथ्या घड्यावर पाणी.”

मला मात्र खुर्चीतून उठवेना. ज्या वाक्याला मी भ्याले, ज्याच्यासाठी ताईशी, भाऊजींशी वर्षभर खोटं वागले, ते गेल्या वर्षीही मला बोलता आलं असतं. सगळंच्या सगळं. कुणाचं काही बिघडलं नसतं. ना त्या अकरा घरांचं, ना माझं, ना पाहुण्यांचं. भाऊजींना वेडं करायची काहीएक गरज नव्हती.

बाहेर पडलो तेव्हा भाऊजी म्हणाले, “मी जेवायला थांबत नाही. चल, बसने जाऊ.” स्टॉपवर सातआठ माणसं रांगेत होती. भाऊजींनी कोट काढून हातावर घेतला. वर्षभरात त्यांचे खांदे उतरले होते, ते मला त्या उन्हात प्रथमच नीट दिसलं.

“या वेळी मजा नाही आली गं,” ते म्हणाले. “माझं मलाच ऐकून झोप आल्यासारखं झालं. गेल्या वर्षीचं काही वेगळंच होतं. आपण दोघांनी मिळून एक काम केलं होतं त्या दिवशी.”

मी पर्समधला तो चिठोरा चाचपला. मग म्हणाले, “भाऊजी, ते पुन्हा एकदा बोलून दाखवा ना.”

“काय?”

“गेल्या वर्षीचं. पहिल्यापासून.”

“इथे? खुळी आहेस का?” ते हसले. पण मग रांगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा हात हळूच चष्म्याकडे गेला. त्यांना ते सगळं पाठ होतं. पहिली दोन वाक्यं ते लाजत, खालच्या आवाजात बोलले. तिसऱ्याला आवाज चढला. पुढे उभ्या असलेल्या बाईने पिशवी खाली ठेवली आणि मागे वळून ऐकायला लागली. तिच्या पुढचा म्हाताराही वळला. “आमच्याकडेही असंच झालं हो,” ती बाई कुणाला तरी म्हणाली. मुलीचं झालं, जिन्याचं झालं, फाटकाबाहेर उभं राहण्याचं झालं. बस आली, रांगेतली अर्धी माणसं चढली, बस गेली. भाऊजी थांबले नाहीत.

मी त्यांच्या शेजारी उभी होते. माझे ओठ हलत होते. सवय आहे, दुसरं काय. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी ते पाहुण्यांच्या भाषेत करत होते, साठ खाटा, एक परिचारिका, पाणी, उशी, काही गाळत नव्हते, काही मवाळ करत नव्हते.

मधेच भाऊजी थांबले. “काय पुटपुटतेस गं?”

“काही नाही,” मी म्हणाले. “तुम्ही बोला.”